टपावरच्या तंबूत सकाळी गादी ओली का लागते? पाणी आधी ओळखा, मग ट्यूब उघडा

गाडीच्या टपावर बसवायच्या, घरी बनवलेल्या तंबूत पाणी दिसायला लागलं की तक्रारी साधारण अशा असतात:

- सकाळी गादी वरून कोरडी, उचलून पाहिली तर खालून ओलीचिंब.
- रात्री पाऊस नव्हता, तरी छताच्या कापडाला आतून थेंब. हात लागला की अंगावर पडतात.
- पावसात एकाच कोपऱ्यातून पाणी, बाकी तंबू कोरडा.
- प्लायचे दोन भाग बिजागरीने जोडलेत त्या रेषेवर आडवा ओला पट्टा.
- पहिल्या पावसाळ्यात उत्तम होता, धुऊन ठेवला आणि दुसऱ्या वर्षी सगळीकडून पाझरतो.
- उघडल्या उघडल्या कुबट वास, शिवणीच्या कडेने काळे ठिपके.
- गाडीच्या आत, टपाच्या अस्तरावर ओला डाग.

सातारा-सांगलीकडे हल्ली बरेच जण स्वतःच हा तंबू उभा करतात. तयार तंबू लाखाच्या घरात जातो. इथे फॅब्रिकेशनवाले आहेत, जीपचे हूड शिवणारे आहेत, प्लायची दुकानं आहेत. चौकोनी पाइपची फ्रेम, १२ मिमीचा प्लाय, ताडपत्री किंवा कॅनव्हास आणि फोमची गादी एवढ्यात काम उभं राहतं आणि चांगलं राहतं. पण पाण्याची तक्रार जवळपास प्रत्येकाची येते, आणि वर दिलेल्या लक्षणांपैकी कुठलंही असलं तरी माझ्याकडे येणारा प्रश्न एकच असतो: "भाऊ, तंबू गळतोय, कुठली ट्यूब लावू?"

ट्यूब म्हणजे सिलिकॉनसारखा गळती बुजवायचा लेप. ती लावायची वेळ येते, पण बरीच उशिरा. कापडावर सिलिकॉन एकदा फासलं की त्यावर दुसरं काहीही नीट चिकटत नाही. नंतर खरी जागा सापडली आणि तिथे पट्टी चिकटवायची ठरवली, तरी ती सुटते. म्हणजे चुकीच्या अंदाजाने लावलेली ट्यूब पुढची योग्य दुरुस्तीही बिघडवते. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तंबू तिथेच बरे होतात.

पाऊस होता का, आणि ओल नेमकी कुठे

एक वही घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. त्या रात्री पाऊस होता का? किती माणसं झोपली होती? खिडक्या उघड्या होत्या की बंद? मुक्काम पाण्याच्या काठावर होता की उघड्या माळावर? आणि ओल कुठे होती: छताला, भिंतीला, गादीखाली की एका कोपऱ्यात?

एवढ्यावरून बराचसा निकाल लागतो. थंडीत, कोरड्या रात्री, बामणोली किंवा तापोळ्याला शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी, नाहीतर धोम, कण्हेरच्या पाण्याजवळ गाडी लावली आणि सकाळी तंबू आतून ओला असेल, तर ते पाणी तुमच्याच श्वासाचं आहे. पावसात एकाच जागी ओल असेल तर शिवण, पट्टा किंवा बिजागरी. पावसात सगळं कापड सारखंच पाझरत असेल तर कापडाचा गुण गेलेला आहे. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

तोच तंबू आटपाडी-जतकडे नेला की कोरडा राहतो आणि कोयनेच्या काठावर आणला की गळतो, असं सांगणारे भेटतात. तंबूत काही बदललेलं नसतं. तिकडची हवा कोरडी, इकडची दमट.

आज रात्री दोन खिडक्या उघड्या ठेवा

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. दोघं मोठी माणसं आणि एक मूल झोपलं तर सकाळपर्यंत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी त्या एवढ्याशा जागेत सुटलेलं असतं. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर ते सगळ्यात थंड पृष्ठभागावर जाऊन बसतं: छताचं कापड, लोखंडी पाइप, गादीखालचा प्लाय.

आकड्यात सांगायचं तर आतली हवा २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एखादी वस्तू साधारण १६ अंशांपर्यंत उतरली की तिच्यावर पाणी धरायला लागतं. चारच अंशांचा फरक आहे. निरभ्र रात्री तंबूचं कापड उघड्या आकाशाकडे उष्णता टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, त्यामुळे हे चार अंश सहज पार होतात. ढगाळ रात्री तंबूला कमी घाम येतो तो याच कारणाने.

उपाय फुकटचा आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवायच्या, शक्य असेल तर एक खालच्या अंगाची आणि एक वरच्या अंगाची. एकच खिडकी उघडून फारसं काही होत नाही, कारण हवेला आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट दोन्ही लागतात. लोकांना हे पटायला जड जातं. थंडी वाजते, मूल आजारी पडेल, असं वाटतं. पण ओल्या गादीवरची थंडी जास्त वाईट. एक पांघरूण वाढवा, खिडकी बंद करू नका.

गाडी कुठे लावता यानेही फरक पडतो. थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून खाली येऊन पाण्याच्या काठावर साचते. धुकंही तिथेच आधी धरतं. काठापासून थोडं वर, उतारावरच्या सपाट टप्प्यावर गाडी लावली तर तोच तंबू बराच कोरडा राहतो.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ऊब यावी आणि ओल सुकावी म्हणून तंबूत शेगडी, कोळसा किंवा गॅस पेटवू नका, क्षणभरही नको. गॅस जळताना त्यातूनही पाण्याची वाफच निघते, म्हणजे ओल वाढतेच. त्याहून महत्त्वाचं, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत माणूस त्यातून जागा होत नाही.

खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन रात्री काढा. छताचे थेंब गेले तर तुमच्या तंबूला गळती नव्हतीच.

गादीखाली प्लास्टिकचा तुकडा

छत कोरडं झालं, पण गादी अजून खालून ओली लागते, असं पुष्कळदा होतं. दीड-दोन वीत लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद घ्या, प्लायवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. वर गादी टाकून नेहमीसारखे झोपा. सकाळी कागदाची वरची बाजू ओली असेल तर पाणी तुमच्या अंगातून गादीत उतरून थंड प्लायवर थिजलंय. कागदाखाली ओल असेल तर पाणी प्लायमधून किंवा बोल्टच्या भोकातून येतंय. मग प्लायच्या भागाकडे चला.

वरची बाजू ओली असेल तर गादी आणि प्लाय यांच्यामध्ये हवा खेळायला जागा करायची. जाळीदार चटया त्यासाठी मिळतात, पण काथ्याची जाडी चटई हे काम स्वस्तात करते. काथ्या पाणी धरला तरी लवकर कुजत नाही आणि गादी प्लायपासून उचललेली राहते. सतरंजी किंवा चादर घालून उपयोग नाही, ती दाबून सपाट होते आणि स्वतःच ओली होते. चटई दररोज सकाळी काढून उन्हात टाका.

ताडपत्रीचा तंबू असेल तर

खर्च वाचवायला अनेक जण ट्रकच्या पीव्हीसी ताडपत्रीचाच अख्खा तंबू शिवतात. पावसाला ती दाद देत नाही, हे खरं. पण तिच्यातून हवा अजिबात जात नाही, म्हणून अशा तंबूला सगळ्यात जास्त घाम येतो. दोन खिडक्यांनीही तो पुरता थांबत नाही.

कोरेगावकडचे एक गृहस्थ असाच तंबू घेऊन आले होते. नवीकोरी ताडपत्री, शिवणी पक्क्या, आणि आतून पाण्याचे ओघळ. "ताडपत्री नवीन आहे, गळेल कशी?" हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. वहिनींनी मात्र तेवढ्यात खरं कारण सांगून टाकलं: "मी तर म्हणतेय, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला थंडीत धरतं तसलंच पाणी आहे हे." ताडपत्री फेकायची गरज पडली नाही. तिचं बाहेरचं छप्पर केलं, आतला तंबू सुती कॅनव्हासचा शिवला, आणि दोहोंमध्ये चार बोटांची फट ठेवली. आता वाफ कॅनव्हासमधून बाहेर जाते, ताडपत्रीच्या आतल्या अंगाला धरते आणि ओघळून बाहेरच्या बाहेर पडते. फट महत्त्वाची. दोन्ही कापडं एकमेकांना टेकली तर टेकलेल्या जागी आतलं कापड ओलं होणारच.

गाडीचं तोंड आणि छताचा ताण

आता पावसातली गळती. इथेही आधी फुकटचं बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे वारं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतं. चाळकेवाडी, ठोसेघर किंवा सह्याद्रीच्या धारेवर कुठेही पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. तंबूचं दार किंवा मोठी खिडकी पश्चिमेला करून गाडी लावली तर झड आत येणारच, त्यात शिवणीचा काही दोष नाही. बंद पाठ वाऱ्याकडे, दार पूर्वेला, अशी गाडी फिरवून एक रात्र काढून बघा.

दुसरं, छतावर पाणी साठतंय का? पाऊस चालू असताना आतून छताला पोट आलेलं दिसलं तर तिथे पाण्याचं डबकं आहे. वाहत्या पाण्याला अडवणारं कापड साठलेल्या पाण्याला तेवढं अडवत नाही, कारण वजनाने पाणी विणीतून आणि सुईच्या भोकांतून आत दाबलं जातं. ओलं झाल्यावर कापड सैल पडतं, म्हणून संध्याकाळी ताणलेले दोर रात्री झोपताना पुन्हा ताणायचे. कमान फारच सपाट असेल तर मध्ये एक जादा कांब घालून उतार वाढवा. गाडी किंचित कलती लावली तरी पाणी एका बाजूने निघून जातं, फक्त डोक्याची बाजू वर ठेवा.

आणि आतून कापडाला काही टेकू देऊ नका. उशी, पिशवी, पाय. ओल्या कॅनव्हासला आतून काही टेकलं की पाणी त्या जागी आत ओढलं जातं.

पट्ट्यांवरून चालत येणारं पाणी

ही तपासणी लोक हमखास विसरतात. टपावरच्या कॅरिअरला तंबू आवळायचे पट्टे, खिडकीच्या कांबीचे दोर, कनातीचे बंद, यातलं जे जे बाहेरून आत जातं त्याच्यावरून पाणीही आत येतं. पट्टा विणलेला असतो, तो पाणी पितो आणि थेंबाथेंबाने पुढे सरकवतो. आत पडणारा थेंब पट्ट्यापासून हातभर लांब दिसतो, त्यामुळे संशय भलत्याच शिवणीवर जातो.

पावसात आत टॉर्च घेऊन झोपा आणि पट्टा जिथे आत शिरतो तिथे उजेड आडवा धरा. पट्ट्याच्या खालच्या काठाला एक चमकती रेघ दिसेल, ती हळूहळू फुगेल आणि शेवटच्या टाक्यावर थेंब होऊन लोंबेल. तो पडला की पुन्हा रेघ. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

उपाय साधा आहे. पट्टा आत शिरण्याआधी त्याला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी सगळ्यात खालच्या जागी टपकून जाईल आणि तिथून वर चढणार नाही. झोळ देता येत नसेल तर शिरण्याच्या जागेआधी पट्ट्याला सुतळीचा तुकडा घट्ट बांधून त्याचं टोक खाली लोंबतं ठेवा. पाणी सुतळीवरून उतरतं.

दाराची चेन

चेनमधून पाणी येतं, कारण चेन पाणी अडवायला बनवलेलीच नसते. तिच्यावर बाहेरून झाकणपट्टी हवी, दोन इंचांहून रुंद, वरच्या बाजूने शिवलेली. पट्टी असूनही वाऱ्याने उडत असेल तर खाली वेल्क्रोचे तुकडे लावा. रनर अडकत असेल तर चेनवर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ धरते.

कापड अजून पाणी फेकतंय का

कोरड्या कापडावर हाताने पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले तर कापड ठीक. थेंब पसरून कापड गडद झालं तर बाहेरचा लेप गेला.

हा लेप जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे धुण्याची पावडर. सहल संपली, चिखल लागलाय म्हणून तंबू डिटर्जंटने घासून काढतात. साबणाचं कामच पाणी आणि धागा यांची दोस्ती करून देणं. कापडात त्याचा अंश राहिला की पाऊस विणीत मुरतो. पहिल्या वर्षी ठीक आणि दुसऱ्या वर्षी सगळीकडून पाझर, या तक्रारीत सगळ्यात आधी विचारा की कशाने धुतला. साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, साबणाचा फेस पुरता जाईपर्यंत पुन्हा धुवा, वाळवा, मग शिंपडून बघा. कधी कधी तेवढ्यावरच गुण परत येतो. नाहीच आला तर कापडावर फवारायचं पाणीरोधक द्रावण मिळतं, ते मारा.

नवा सुती कॅनव्हास असेल आणि शिवणीच्या भोकांतून बारीक पाझर असेल तर घाबरू नका. सुती धागा पाण्याने फुगतो आणि विणीतली, सुईची बारीक भोकं स्वतःच बुजवतो. तंबू उभा करून नळीने भरपूर भिजवा, पुरता वाळू द्या, पुन्हा भिजवा. दोन-तीन वेळा केलं की फरक दिसतो. ताडपत्रीचा किंवा नायलॉनचा धागा फुगत नाही, त्याला हा उपाय लागू नाही.

आतल्या बाजूचा प्लास्टिकसारखा लेप चिकट लागत असेल, सोलून निघत असेल, तर ते कापड संपलं. त्यावर काही लावून टिकत नाही. कापड बदलायचा खर्च धरा.

नळीची तपासणी, खालून वर

इथवर येऊनही एका जागी पाणी येत असेल तर आता शिवणी आणि बिजागरी. नळीची तपासणी अंगणात करायची असते, घाटात पावसात नव्हे. दोन माणसं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. आतल्या बाजूने संशयित शिवणींवर खडूची पूड चोळून ठेवा. पाणी जिथून उतरेल तिथे पुडीत स्पष्ट रेघ उमटते.

नियम एकच: खालून सुरुवात करून वर जायचं. आधी प्लायची कड, मग बिजागरीची रेघ, मग भिंतीच्या खालच्या शिवणी, मग खिडक्या, शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर किमान पाच मिनिटं पाणी, आणि नळीला जोर नको, पावसासारखं वरून खाली ओघळू द्या. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्या खालच्या जागांवरून जातं आणि जिथे दिसतं तिथून आलं की वरून आलं, ते कळायला मार्ग राहत नाही.

माझा पुतण्या बाहेर नळी धरतो. "काका, छताला मारू का?" हा त्याचा दर वेळचा प्रश्न, कारण सगळ्यांना छतच गळतंय असं वाटतं. "अजून खालीच थांब." मागच्या पावसाळ्याआधी एका तंबूत मालकाची खात्री होती की कोपऱ्यातली छताची शिवण गेली आहे. नळी बिजागरीवर आली, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आत गादीच्या मधोमध प्लायच्या फटीतून पाणी उमलल्यासारखं वर आलं आणि उतारामुळे कोपऱ्याकडे पळालं. छताला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.

बिजागरी हे घरगुती तंबूचं सगळ्यात कच्चं ठिकाण आहे. प्लायचे दोन भाग उघडले की त्यांच्यामध्ये लांब बिजागरीची फट राहते, भिंतीवरून ओघळलेलं सगळं पाणी तिथेच येतं, आणि प्लायची कड भिंतीच्या कापडापेक्षा बाहेर आलेली असेल तर ती पाण्याला थेट आत घेते. अशा वेळी भिंतीचं कापड प्लायच्या कडेवरून खाली दोन-तीन इंच उतरलं पाहिजे, म्हणजे पाण्याची पागोळी कडेबाहेर पडते. बिजागरीवर आतल्या बाजूने रेक्झिनची रुंद पट्टी थोडी सैल ठेवून चिकटवा आणि दोन्ही कडांना दाबपट्टी मारा. सैल यासाठी की घडी करताना ती ताणून फाटू नये.

शिवणीत दोष निघाला तर आधी तिची दिशा पाहा. वरच्या कापडाची कड खालच्या कापडावर आलेली हवी, कौलावर कौल चढवतात तशी. उलटी शिवण असेल तर ती पाणी झेलून आत देते, आणि त्यावर कितीही लेप लावला तरी तो एखाद्या मोसमापुरता. ती उसवून पुन्हा शिवायची.

दिशा बरोबर आहे आणि फक्त सुईची भोकं पाझरतात, तर आता ट्यूब. पण कापड पाहून. सुती कॅनव्हासला शिवणीवर मेण घासून गरम हवेने मुरवलेलं उत्तम. पॉलिएस्टर-नायलॉनला, ज्याच्या आत पॉलियुरेथेनचा लेप असतो, पॉलियुरेथेनचाच सीलंट. पीव्हीसी ताडपत्रीला त्याच ताडपत्रीची पट्टी पीव्हीसीच्या सोल्युशनने. सिलिकॉन फक्त सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला. ताडपत्रीवर ते काही महिन्यांत सालपटासारखं उचलतं. कापड पूर्ण वाळलेलं हवं, आणि लावल्यावर पूर्ण दिवस तंबू मिटायचा नाही.

प्लाय, बोल्ट आणि भोकं

प्लास्टिकच्या कागदाखाली ओल निघाली होती त्यांनी इथे थांबा. प्लायवर कुठला शिक्का आहे? उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या मरिन प्लायवर आयएस ७१० असतो. साधा एमआर प्लाय घरातल्या कपाटासाठी आहे. टपावर तो कडेकडेने फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि मग त्यात बसवलेले स्क्रू हलायला लागतात. कड नखाने दाबून पाहा. मऊ लागली किंवा थर उकललेले दिसले तर तो प्लाय बदला, वरून रंग देऊन काही होत नाही.

प्लाय चांगला असूनही पाणी येत असेल तर भोकं बघा. प्रत्येक बोल्टचं भोक म्हणजे प्लायच्या पोटात जाणारी वाट. बोल्ट काढा, भोक वाळू द्या, आतून इपॉक्सी किंवा ऑइलपेंट फिरवा, वाळल्यावर रबरी वायसर घालून बोल्ट आवळा. कापलेल्या चारही कडांना तोच उपचार. बोल्टभोवती सिलिकॉन लावायचंच असेल तर उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने लोखंड गंजतं. न्यूट्रल लिहिलेलं मागा.

पाणी प्यालेला प्लाय जड होतो. ८ बाय ४ चा १२ मिमीचा प्लाय कोरडाच वीस किलोच्या पुढे भरतो. त्यात फ्रेम, भिजलेला कॅनव्हास, पाणी धरलेली गादी, खालचं कॅरिअर हे सगळं जोडा. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं, आणि तो आकडा चालत्या गाडीचा असतो, कॅरिअर धरून. यवतेश्वरच्या किंवा खंबाटकीच्या वळणावर ओल्या तंबूचं जास्तीचं वजन गाडी बाजूला झुकवतं. ओला तंबू घेऊन लांबचा प्रवास करू नका. सकाळी तासभर ऊन येईपर्यंत थांबा.

बुरशी आधीच धरली असेल तर

वाळलेल्या कापडावरून मऊ ब्रशने झाडा, उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पुसा, ऊन द्या. ब्लीच वापरू नका. डाग जातील पण सुती धागा आणि शिवण दोन्ही कमजोर होतील. काळे डाग थोडे राहतात, राहू द्या. वास गेला की पुरे. घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू उघडून वाळवला तर बुरशी धरतच नाही. पाऊस असेल तर पोर्चमध्ये, जिन्याखाली, जिथे पसरता येईल तिथे.

इथे हात थांबवा

चार-चार पदर कापड आणि पट्टा एकत्र शिवायचा असेल तर घरचं मशीन सोडा. सुई मोडते, टाका सुटतो, आणि चुकलेल्या टाक्याचं प्रत्येक भोक नवी गळती होते. जीपचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जा. सातारा, कराड, सांगली, मिरज, सगळीकडे हे कारागीर आहेत. जाताना तंबू कोरडा करून न्या आणि गळतीच्या जागेवर खडूने खूण करा, नाहीतर ते अंदाजाने भलतीच शिवण उसवतील. धागा पॉलिएस्टरचा मागा.

गाडीच्या आत टपाच्या अस्तराला ओल असेल तर स्वतः काहीच करू नका. कॅरिअरच्या पायाशी पत्र्याला भोक पाडलं असेल, तिथून पाणी पत्रा आणि अस्तराच्या मध्ये उतरतं. त्याच जागेतून दिव्यांच्या वायरी जातात, आणि काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगही तिथेच असतात. अस्तर ओढून पाहायची जागा ही नव्हे. कॅरिअर काढून गाडी बॉडीचं काम करणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

कॅरिअरच्या पायाशी पत्रा दबलेला दिसला, रंगाला केसासारखी चीर गेली, वेल्डिंगच्या सांध्यावर गंजाची रेघ उतरली, तर तंबू त्याच दिवशी खाली उतरवा. गळती थांबली असली तरी उतरवा. वेल्डर बोलवा, पण तोही फक्त तंबूच्या फ्रेमसाठी. गाडीच्या पत्र्याला किंवा चौकटीला वेल्डिंग करून घेऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळं ठरेल असं फेरबदल करता येत नाही. तंबू बोल्ट काढून उतरवता येईल असाच बसवलेला असावा.

तंबूत गाडीच्या बॅटरीवर दिवा किंवा पंखा जोडला असेल आणि ओल त्या वायरीपर्यंत गेली असेल, तर आधी फ्यूज काढा, मग ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. त्याने वायर बदलून सांधा बंद करून दिल्याशिवाय फ्यूज परत बसवू नका.